हायवेजवळ जंकयार्डचा परवाना काढताना: न्यूयॉर्क राज्यातला अनुभव

अपस्टेट न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या टाऊनमध्ये मोडीत निघालेल्या गाड्यांचं यार्ड सुरू करायचं होतं. जागा साधारण 3 एकर, पूर्वीची खडीची खाण. एका अंगाला काउंटी रोड, दुसऱ्या अंगाला झाडांचा विरळ पट्टा आणि त्याच्या पलीकडे भरावावरून जाणारा इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांना जोडणारा मोठा हायवे. नोव्हेंबरमध्ये सुरुवात केली आणि पहिली गाडी आत आली ती सप्टेंबरमध्ये. गॅरेज, टोइंग किंवा सुट्या भागांच्या धंद्यात उतरलेली आपली माणसं इकडे बरीच आहेत. त्यांच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर कुठून सुरुवात करायची हे कळावं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो. हे न्यूयॉर्कपुरतं आहे. दुसऱ्या राज्यात अंतरं, फी आणि अर्ज घेणारं कार्यालय वेगळं असेल.

आपल्याकडे भंगाराची दुकानं रस्त्याला तोंड करून असतात, कारण गिऱ्हाईक रस्त्यावरूनच येतं. इथला कायदा सगळ्यात आधी विचारतो की रस्त्यावरून काय दिसतं. कागदपत्रांच्या ढिगात हा एक प्रश्न डोक्यात पक्का ठेवला तर बाकीचं बरंच सोपं होतं.

आम्हाला तीन थरांमधून जावं लागलं. सगळ्यात वर केंद्राचा हायवे ब्युटिफिकेशन अ‍ॅक्ट. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर 22 ऑक्टोबर 1965 रोजी सही केली. त्यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी हा विषय लावून धरला होता. इंटरस्टेट आणि प्रायमरी वर्गातल्या रस्त्यांच्या हद्दीपासून 1000 फुटांच्या आत असलेलं आणि रस्त्यावरून दिसणारं जंकयार्ड झाडांनी, कुंपणाने किंवा नैसर्गिक आडोशाने झाकलेलं असलं पाहिजे, असं तो सांगतो. औद्योगिक झोनमधल्या यार्डांना यातून सूट आहे. राज्याने हे नियंत्रण ठेवलं नाही तर रस्त्यांसाठी मिळणाऱ्या केंद्राच्या पैशातून 10 टक्के कापण्याची तरतूद मूळ कायद्यातच होती. राज्याच्या परिवहन खात्यातली माणसं या बाबतीत एवढी काटेकोर का असतात, ते यावरून समजतं. दुसरा थर राज्याचा, म्हणजे जनरल म्युनिसिपल लॉचं कलम 136. तिसरा थर टाऊनचा स्वतःचा झोनिंगचा कायदा, म्हणजे कुठल्या भागात जमिनीचा कोणता वापर चालेल हे ठरवणारा.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. केंद्राच्या कायद्यातलं जंकयार्डचं कलमही 136 च आहे, शीर्षक 23 मधलं. पत्रात नुसतं "कलम 136" लिहिलं की टाऊनचा वकील एक समजतो आणि परिवहन खात्याचा माणूस दुसरं. प्रत्येक पत्रात कायद्याचं पूर्ण नाव लिहा.

डिसेंबरमध्ये टाऊन क्लार्ककडे जाऊन पहिला प्रश्न विचारला: टाऊनचा स्वतःचा जंकयार्ड कायदा आहे का? असेल तर अर्ज त्याप्रमाणे करायचा आणि राज्याचं कलम 136 मागे सरतं. बऱ्याच टाऊनमध्ये असा कायदा आहे आणि तो राज्यापेक्षा कडक असतो. आमच्या टाऊनमध्ये नव्हता, म्हणून राज्याचं कलम जसंच्या तसं लागू झालं.

या कलमाची व्याख्या गॅरेजवाल्यांनी आवर्जून वाचावी. रस्त्यावर कायदेशीरपणे चालवायच्या लायकीच्या न राहिलेल्या, नोंदणी नसलेल्या किंवा जुन्या दोन किंवा त्याहून जास्त गाड्या एका जागी ठेवल्या की ती जागा जंकयार्ड ठरते. सुटे भाग किंवा टाकाऊ सामान मिळून दोन गाड्यांएवढा ढीग झाला तरी ती जागा जंकयार्डच ठरते. केंद्राच्या नियमांत ‘गाड्यांचं स्मशान’ म्हणजे मोडक्या गाड्यांचं यार्ड ठरायला हाच आकडा 10 आहे, त्यामुळे कित्येकांचा समज असतो की नऊपर्यंत काही होत नाही. गॅरेजच्या मागे इंजिन काढलेल्या दोन गाड्या पडून असतील, तर टाऊनच्या लेखी तुम्ही विनापरवाना जंकयार्ड चालवत आहात. दंड 100 डॉलरपर्यंत आणि प्रत्येक आठवडा हा वेगळा गुन्हा.

जागा विकत घेण्यापूर्वीच तपासायची दोन अंतरं अशी. चर्च, शाळा, हॉस्पिटल, सरकारी इमारत किंवा लोक जमण्याच्या जागेपासून 500 फुटांच्या आत नव्या यार्डाला परवाना मिळतच नाही. यात यार्डाचा कुठलाही कोपरा धरतात, म्हणून मोजणी गेटपासून न करता जागेच्या सगळ्यात जवळच्या टोकापासून करावी. दुसरं म्हणजे कुंपण सार्वजनिक रस्त्यापासून किमान 50 फूट आत हवं. 3 एकरांच्या जागेत रस्त्याकडची 50 फुटांची पट्टी गाड्या ठेवण्याच्या हिशोबातून वजा होते. जागेचा भाव ठरवताना हे लक्षात असू द्या.

यार्ड रस्त्यावरून दिसतं की नाही, हे आम्ही नोव्हेंबरमध्ये, पानं पूर्ण झडल्यावर पाहिलं. जुलैमध्ये मेपल आणि ओकचा पट्टा भिंतीसारखा वाटतो आणि डिसेंबरमध्ये त्यातून आरपार दिसतं. झाकणं बारा महिने टिकलं पाहिजे, त्यामुळे पानझडीच्या झाडांचा आडोसा हिशोबात धरूच नये.

1000 फूट मोजायचे ते रस्त्याच्या हद्दीच्या जवळच्या कडेपासून, रस्त्याला काटकोनात, आडव्या अंतराने. डांबराच्या कडेपासून किंवा मधल्या रेषेपासून मोजलं की आकडा चुकतो. इंटरस्टेटची हद्द डांबराच्या बरीच बाहेर असते आणि जिथे रॅम्प उतरतात तिथे ती आणखी फुगते. लांबवरच्या एक्झिटमुळेही जागेचा एखादा कोपरा 1000 फुटांच्या आत येऊ शकतो. हायवेची जाळी बहुतेक ठिकाणी हद्दीच्या जवळपास असते, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. परवानाधारक सर्व्हेअरकडून हद्द, 1000 फुटांची रेषा आणि उंचसखल दाखवणाऱ्या रेषा एकाच नकाशावर काढून घ्या. या कामाला काही हजार डॉलर लागतात, पण पुढे प्रत्येक टेबलावर तोच नकाशा चालतो.

आता उंचीचं गणित. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. रस्ते आखणारे इंजिनिअर मोटारचालकाची नजर जमिनीपासून 3.5 फुटांवर धरतात. आमच्याकडे इंटरस्टेट यार्डाच्या तळापेक्षा 12 फूट उंच, म्हणजे नजर 15.5 फुटांवर. कुंपण रस्त्यापासून 300 फूट लांब आणि 8 फूट उंच. कुंपणाच्या माथ्यावरून जाणारी नजरेची रेषा 300 फुटांत 7.5 फूट खाली आली, म्हणजे दर 100 फुटांना अडीच फूट. कुंपणाच्या आत 100 फुटांवर ही रेषा जमिनीपासून 5.5 फुटांवर असते, तिथे साधी सेडान जेमतेम लपते. 200 फुटांवर ती 3 फुटांवर येते आणि सगळ्या गाड्यांची टपं दिसू लागतात. कुंपणाला लागून असलेल्या गाड्या झाकल्या जातात आणि मागच्या उघड्या पडतात. लोक नेमकं उलट करतात. पुढे नीटनेटक्या गाड्या लावतात, मागे एकावर एक चढवलेले सांगाडे ठेवतात, आणि मग 8 फुटांचं कुंपण असूनही नोटीस कशी आली याचं आश्चर्य करतात. ट्रकचालकाची नजर 7.6 फुटांवर धरली तर 200 फुटांवर जवळपास जमीनच दिसते.

कागदावरचा हिशोब जागेवर पडताळायला सोपा उपाय आहे. 10 फुटांच्या काठीवर दर फुटाला रंगीत पट्टी मारायची, ती यार्डात ठरवलेल्या जागांवर आळीपाळीने उभी करायची आणि हायवेवरून दोन्ही दिशांनी जाताना शेजारी बसलेल्या माणसाने व्हिडिओ घ्यायचा. चालवणाऱ्याने घेऊ नये आणि हायवेच्या कडेच्या पट्टीवर गाडी थांबवू नये. किती पट्ट्या दिसल्या ते फ्रेम थांबवून मोजता येतं. आमचा आराखडा यावरूनच ठरला: उंच सामान कुंपणालगत, मागच्या भागात गाड्यांचा एकच थर, आणि मधोमध मातीचा 5 फुटी बांध, त्यावर सदाहरित झाडं.

झाडांबद्दल दोन शब्द. आर्बरव्हायटी स्वस्त आणि दाट असतं, पण हरणं ते खालून पाच फुटांपर्यंत खाऊन टाकतात. पांढरा पाइन भराभर वाढतो, पण त्याच्या खालच्या फांद्या झडतात आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्याला सोसत नाही. आम्ही नॉर्वे स्प्रूस घेतले, 5 ते 6 फुटांचे, मातीच्या गोळ्यासकट, दोन ओळींत, एका ओळीतलं झाड दुसरीतल्या फटीसमोर येईल असे. मेल्या झाडाच्या जागी एका हंगामात दुसरं लावू, हे अर्जातच लिहून दिलं. आराखडा तपासणाऱ्यांना या वाक्याने दिलासा मिळतो, आणि नकाशावरची झाडं जगली नाहीत तर झाकणं अपुरं ठरणार हे खरंही आहे.

जानेवारीत प्लॅनिंग बोर्डाकडे विशेष वापराचा परवाना आणि जागेचा आराखडा दाखल केला. सोबत राज्याच्या पर्यावरण परीक्षण कायद्याखालचा मूल्यमापन अर्ज जोडला. हे परीक्षण पूर्ण झाल्याशिवाय कुठलंही बोर्ड निर्णय घेऊ शकत नाही. त्यातच हायवेशी संबंधित आणखी एक पायरी येते: जागा राज्य किंवा काउंटी रस्त्याच्या हद्दीपासून 500 फुटांच्या आत असेल तर झोनिंगचं प्रकरण काउंटीच्या नियोजन खात्याकडे पाठवावं लागतं. त्यांना उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात. त्यांनी विरोध केला तर स्थानिक बोर्डाला साधं बहुमत पुरत नाही, वर एक मत जास्त लागतं.

ही 30 दिवसांची मुदत आणि टाऊन बोर्डाची मुदत एकमेकांत अडकतात. कलम 136 प्रमाणे टाऊन बोर्डाने अर्ज मिळाल्यापासून दोन ते चार आठवड्यांत सुनावणी घ्यायची असते. दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाकले तर टाऊनची सुनावणी येते तेव्हा काउंटीचं उत्तर आलेलं नसतं, मग सुनावणी तहकूब आणि जाहिरात पुन्हा. म्हणून झोनिंगचं सगळं आधी उरकावं. जागा निषिद्ध झोनमध्ये नाही असं झोनिंग बोर्ड ऑफ अपील्सचं प्रमाणपत्र हातात घ्यावं, मगच टाऊन बोर्डाकडे जावं. ते प्रमाणपत्र तसंही परवान्याच्या अर्जाला जोडावंच लागतं.

ते आम्हाला मार्चमध्ये मिळालं, तरी अर्ज एप्रिल लागल्यावरच टाकला. परवाना कधीही मिळो, तो येत्या 1 एप्रिलपर्यंतच चालतो. मार्चच्या मध्यावर मिळाला तर दोन आठवड्यांत नूतनीकरणाची फी भरायची वेळ येते. फी आहे वर्षाला 25 डॉलर, त्यामुळे प्रश्न पैशांचा नाही. पण कुंपणही उभं नसताना "वर्षभर सगळ्या अटी पाळल्या" असं नूतनीकरणाच्या वेळी म्हणणं अवघड जातं. 25 डॉलरखेरीज वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचा आणि सुनावणीचा थेट खर्च टाऊन अर्जदाराकडून घेऊ शकतं. आमच्याकडून जाहिरातीचे घेतले. अर्ज फेटाळला तर परवान्याची फी परत मिळते.

सुनावणीची सूचना किमान सात दिवस आधी वर्तमानपत्रात येते. ती छापून आली की शेजाऱ्यांचे फोन सुरू होतात. हे आठवडे मनावर दडपण आणणारे असतात, खोटं कशाला सांगू. आपण काहीतरी घाणेरडं गावात आणतो आहोत, अशा नजरा टाऊन हॉलमध्ये जाणवतात. पण लोकांचे प्रश्न ऐकले की बहुतेक रास्त वाटतात. सगळ्यात मोठी काळजी विहिरीच्या पाण्याची होती, कारण या भागात घरोघरी स्वतःची बोअर आहे आणि खडीच्या जमिनीतून सांडलेलं तेल झरझर खाली उतरतं. "काळजी करू नका" असं मोघम उत्तर देण्याची ही जागा नव्हे. गाडी आत आल्यावर सगळ्यात आधी काँक्रीटच्या, छत असलेल्या फरशीवर जाणार. बॅटरी, पेट्रोल, इंजिन ऑइल, ब्रेक फ्लुइड आणि कूलंट तिथेच काढून झाकणाच्या वेगवेगळ्या पिंपांत भरणार. एसीमधला वायू यंत्राने खेचणार. 2003 च्या आधीच्या मॉडेलांच्या बॉनेटमधल्या दिव्याचा पाऱ्याचा स्विच काढून वेगळा ठेवणार. हे फरशीच्या नकाशासकट मांडलं. टायरांत पाणी साठून डास होतात हा दुसरा मुद्दा. 1000 किंवा त्याहून जास्त टाकाऊ टायर साठवायला राज्याच्या पर्यावरण खात्याचा स्वतंत्र परवाना लागतो. आम्ही त्याच्या खूप खालची मर्यादा स्वतःहून अटींत घातली आणि टायर छपराखाली ठेवू असं लिहून दिलं. तिसरा मुद्दा गाड्या दाबणाऱ्या यंत्राच्या आवाजाचा. यंत्र भाड्याने येतं, तेही अधूनमधून. त्याचे दिवस आणि तास लेखी ठरवले.

बोर्ड काय बघतं हे कलमातच दिलं आहे: अर्जदाराची कुंपण घालण्याची ऐपत, चोरी किंवा चोरीचा माल घेतल्याची शिक्षा झाली आहे का, आजूबाजूची वस्ती, वास आणि धूर, यार्ड ज्या रस्त्यावरून दिसतं तो कुठल्या प्रकारचा, मध्ये कोणता आडोसा आहे, आणि दुसरी योग्य जागा सहज मिळण्यासारखी आहे का. या शेवटच्या मुद्द्याची तयारी फार थोडे लोक करतात. पाहिलेल्या इतर जागांची एक पानाची यादी, प्रत्येक जागा का सोडली याच्या कारणासह, सोबत न्या.

सुनावणीनंतर दोन आठवड्यांत निकाल द्यायचा असतो. आमचा मेच्या सुरुवातीला टपालाने आला, मंजूर. नकार आला तर राज्याच्या आर्टिकल 78 खाली कोर्टात जाता येतं. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो आणि दुसऱ्याला देता येत नाही. चालू यार्ड विकत घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं: जागा विकत मिळते, यंत्रं मिळतात, परवाना मिळत नाही. केंद्राच्या नियमांत मात्र हायवेलगतच्या जुन्या, नियमांआधीपासूनच्या यार्डाचा दर्जा विक्रीने जात नाही. तो जातो ते यार्ड वाढवल्याने किंवा बंद पडल्याने. मालक बदलताना गाड्यांची हद्द दहा फुटांनी जरी पुढे सरकली तरी तो दर्जा धोक्यात येतो.

कुंपण हा सगळ्यात मोठा खर्च. वापर सुरू करण्यापूर्वी यार्डाभोवती किमान 8 फूट उंच, आतलं झाकणारं कुंपण आणि कुलूप लागणारं गेट पूर्ण हवं. 3 एकरांचा परीघ 1450 फुटांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या कुंपणाची दरपत्रकं आम्हाला फुटाला 45 ते 70 डॉलर अशी आली. पण कलमात एक सोय आहे: जमिनीचा चढउतार किंवा दाट झाडी तेच काम करत असेल तर बोर्ड कुंपणाची अट कमी करू शकतं. खाणीच्या दोन बाजूंना उभे कडे होते. त्या बाजूंचे हिवाळ्यातले फोटो आणि उंचीचे आडवे छेद (जमीन बाजूने कापल्यासारखी दाखवून चढउतार दिसेल अशी चित्रं) जोडून लेखी विनंती केली, आणि तिथे मुलं आत शिरू नयेत एवढ्यापुरत्या साध्या जाळीवर भागलं. ही विनंती अर्जाबरोबरच करा, कारण मंजुरीच्या अटी एकदा लिहिल्या गेल्या की बदलायला पुन्हा बोर्डासमोर जावं लागतं.

जाळीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून झाकण्याचा स्वस्त उपाय विक्रेते सुचवतात. फटींतून दिसतंच, आणि दोन हिवाळ्यांत पट्ट्या तडकून उडतात. पत्राच घ्या, मळकट हिरवा किंवा तपकिरी, आणि त्यावर जाहिरात रंगवू नका. खांब दर 8 फुटांवर, खड्डे 4 फूट खोल. इथे हिवाळ्यात जमीन तेवढी गोठते. अडीच फुटांवर पुरलेला खांब गोठत्या मातीबरोबर वर उचलला जातो आणि वसंतात कुंपण लाटेसारखं दिसतं. खणण्यापूर्वी 811 ला, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या आणि तारा कुठे आहेत ते खूण करून घेण्याच्या नंबरला, फोन करणं सक्तीचं आहे, किमान दोन आणि जास्तीत जास्त दहा कामकाजाचे दिवस आधी.

जुलैअखेर कुंपण आणि बांध झाल्यावर परिवहन खात्याच्या प्रादेशिक कार्यालयातून माणूस पाहणीला आला. त्याने इंटरस्टेटवरून दोन्ही दिशांनी फेरी मारली, आमचे छेद तपासले आणि पानं झडल्यावर पुन्हा येईन असं सांगितलं. नोव्हेंबरमधले काठीचे व्हिडिओ आधीच दिलेले असल्यामुळे वाद घालायला फारसं काही उरलं नाही.

त्याच काळात मोटार वाहन खात्याकडे गाड्या मोडणारा व्यवसाय म्हणून नोंदणी केली आणि पर्यावरण खात्याकडे पावसाच्या पाण्याच्या सर्वसाधारण परवान्यासाठी सूचना दाखल केली. गाड्यांच्या यार्डांसाठी त्यात एम नावाचा वेगळा विभाग आहे. पावसाचं पाणी जागेबाहेर कुठून जातं हे नकाशावर दाखवावं लागतं आणि दर तिमाहीला काचेच्या बाटलीत नमुना घेऊन रंग, वास, फेस आणि तेलाचा तवंग नोंदवावा लागतो. पाणी जागेबाहेर वाहू लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात नमुना घ्यायचा, म्हणून बाटल्या आणि वही गेटजवळच्या खोलीत ठेवा.

नूतनीकरणाला सुनावणी लागत नाही. वर्षभर अटी पाळलेल्या असाव्यात, यार्डाचा उपद्रव झालेला नसावा आणि फी भरावी. फेब्रुवारीत, झाडं उघडी असताना, हायवेवरून आणि काउंटी रोडवरून ठरलेल्या त्याच जागांचे फोटो घ्यायचे आणि 25 डॉलरच्या चेकबरोबर टाऊन क्लार्ककडे मार्चमध्येच देऊन पोच घ्यायची.